गुलाब वाढतोय, पण फुलत नाही? खत राहू द्या, आधी बुंधा बघा

दर वर्षी पावसाळा सरत आला की हा प्रश्न ठरलेला. मागच्या दिवाळीत नर्सरीतून गुलाब आणला. आणला तेव्हा दोन फुलं आणि चार कळ्या होत्या. जानेवारीपर्यंत छान चाललं, उन्हाळ्यात जरा खंगला, पाऊस पडल्यावर मात्र असा काही उसळला की फांद्या कठड्याबाहेर गेल्या. पानं हिरवीगार, कीड नाही, रोग नाही. फक्त फूल नाही. मग शेणखत झालं, कांद्याच्या सालींचं पाणी झालं, केळ्याच्या साली पुरून झाल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून डीएपीचे दाणेही पडले. झाड आणखी वाढलं. फूल नाहीच.

याच प्रश्नाची दुसरी तऱ्हा अशी: "गडद लाल गुलाब होता, आता बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. मातीमुळे रंग बदलतो का?"

नाही बदलत. गुलाबाचा रंग थंडीत गडद आणि उन्हाळ्यात फिका होतो, तेवढाच. लालाचा पांढरा होत नाही. तुमच्या कुंडीत आता वेगळंच झाड उभं आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं.

एका कुंडीत दोन झाडं

नर्सरीत मिळणारे मोठ्या फुलांचे गुलाब जवळजवळ सगळे डोळा (फांदीवरचा न फुटलेला अंकुर) भरून केलेले असतात. खाली खुंट असतो: कणखर, मुळं भराभर धरणारा, बऱ्यावाईट मातीत तग धरणारा. त्याच्या सालीखाली हव्या त्या जातीचा एकच डोळा सरकवतात, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात, आणि डोळा फुटून चालायला लागला की त्याच्या वरचा खुंट कापून टाकतात. म्हणजे मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची. आपल्याकडे खुंटासाठी रोझा इंडिका, एडवर्ड आणि मल्टीफ्लोरा हे प्रकार वापरात आहेत. पॉलिहाऊसमधल्या गुलाबांना बहुधा नॅटल ब्रायर.

हे खुंट बियांपासून नाही, काडी लावून तयार होतात. काडीला पेरापेराशी डोळे असतात. लावण्याआधी खालचे डोळे नीट खरवडून काढले तर प्रश्न नाही, पण हजारोंनी काड्या लावताना तेवढं कोण करणार? मग ते डोळे मातीखाली पडून राहतात. वर भरलेली जात जोमात असेपर्यंत गप्प असतात. ती उन्हाने दमली, वरून सुकत आली किंवा कुंडीत अडकून पडली, की खालचे जागे होतात. मुळं तर त्यांच्याच मालकीची. त्यामुळे खालून आलेली फांदी बघता बघता सगळं खाणंपिणं स्वतःकडे वळवते आणि वरची जात उपाशी पडते. तुम्ही घातलेलं प्रत्येक खत या भाडेकरूला हाकलणाऱ्या घरमालकाच्या पोटात जातं.

खुंटाला फुलं का येत नाहीत, त्याचं कारणही गमतीचं आहे. मल्टीफ्लोरा वर्षातून एकदाच फुलते आणि तीही आदल्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर. आपण ऑक्टोबरमध्ये नेमाने छाटणी करतो आणि त्याच फांद्या कापून टाकतो. म्हणजे जितकी शिस्तीत छाटणी, तितकी फूल न येण्याची खात्री. ज्यांनी आळसाने छाटणी केली नाही त्यांना निदान पांढरे झुपके तरी दिसतात.

परदेशातल्या मंडळींकडून हाच प्रश्न येतो तेव्हा रंग वेगळा असतो. अमेरिकेत डॉ. ह्युई नावाचा खुंट फार वापरला गेला आहे, त्याची फुलं गडद लाल. त्यामुळे तिथे "पिवळा गुलाब लाल झाला" अशी तक्रार असते. गोष्ट तीच.

वाकून नेमकं काय बघायचं

सकाळच्या उजेडात, झाडाला पाणी घालायच्या आधी बुंध्याशी बसा. वरची माती दोन-तीन बोटं बाजूला करा. जाड, खडबडीत, करड्या रंगाचं एक खोड दिसेल. त्यावर कुठेतरी एक गाठ किंवा गुडघ्यासारखा वाक असेल आणि गाठीच्या पाठीमागे बहुतेक वेळा कापलेल्या खुंटाचं सुकं टोक. ही कलमाची गाठ. तिच्या वरून जे निघतं ते तुम्ही पैसे देऊन आणलेलं झाड. तिच्या खालून, खोडातून किंवा मातीतून, जे निघतं तो खुंट. ओळखण्याचा भरवशाचा मार्ग हा एवढाच. बाकी सगळे अंदाज.

अंदाजांमधला सर्वांत लोकप्रिय म्हणजे पानं मोजणं: "एका देठावर पाच पानं असली तर खरा, सात असली तर रानटी." हा नियम सांगणाऱ्यांनी किती चांगल्या फांद्या कापायला लावल्या असतील देव जाणे. मोठ्या फुलांच्या अनेक जातींना जोमदार फांदीवर सात पानं येतात. छोट्या बटण गुलाबांना आणि वेलगुलाबांना तर सात सर्रास. मल्टीफ्लोराला सात ते नऊ असतात हे खरं, पण उलटं खरं नाही. पानं मोजायचीच असतील तर त्याच झाडाच्या खात्रीच्या फांदीशी तुलना करा. दोन्ही फांद्यांची पानं, काटे आणि कोंबाचा रंग शेजारी धरून बघितलं की फरक लपत नाही.

मल्टीफ्लोराची एक खूण मात्र फार उपयोगी आहे. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंनी पातळ पाती असतात. साध्या गुलाबात त्यांची कड बरीचशी सरळ असते. मल्टीफ्लोरात ती झालरीसारखी कातरलेली, केसाळ दिसते. भिंगही लागत नाही, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला तरी पुरतं.

कोंबाच्या रंगाचंही असंच. मोठ्या फुलांच्या बहुतेक गुलाबांचा नवा कोंब तांबूस, जांभळट असतो आणि खुंटाचा पोपटी. पण आइसबर्ग बघा. जर्मनीतल्या कोर्डेस यांची १९५८ सालची ही जात, आज गच्चीगच्चीत दिसते. तिचे कोंब फिके हिरवे, काटे नावालाच, आणि फुलं पांढरी, झुपक्यात. म्हणजे खुंटाचं सगळं वर्णन लागू. मग फरक कुठे? फुलात. आइसबर्गचं फूल हाताच्या तळव्यात मावेल एवढं, वीसहून जास्त पाकळ्यांचं. मल्टीफ्लोराचं फूल रुपयाएवढं आणि पाकळ्या पाच. झुपक्यात फुलं आली म्हणजे झाड बिघडलं असं नाही, फ्लोरिबंडा या गटाचा तो स्वभावच आहे. गुलाबांवर आयुष्यभर काम केलेले कृषिशास्त्रज्ञ डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांची दिल्ली प्रिन्सेस याच गटातली.

एडवर्ड खुंट असेल तर चित्र वेगळं. त्याला गुलाबी, सुवासिक फुलं येतात आणि ती पुन्हा पुन्हा येतात. तमिळनाडूत हाच पन्नीर गुलाब म्हणून हारांत वापरतात. तुमच्या झाडाचं असं झालं असेल आणि घरात देवाला रोज फूल लागत असेल, तर माझं मत विचाराल तर ठेवा तोच. नर्सरीतल्या कित्येक नाजूक जातींपेक्षा तो जास्त वर्षं साथ देईल.

आणि एक गोष्ट आधीच पाहून घ्या. बटण गुलाब, गावठी गुलाब, शेजाऱ्यांकडून काडी आणून लावलेला गुलाब, हे स्वतःच्या मुळांवर असतात. त्यांना गाठच नसते, म्हणून खुंटाचा प्रश्नही नसतो. मातीतून आलेली प्रत्येक फूट त्यांचीच. तिथे सकर (खुंटाची फूट) म्हणून फांद्या उपटत बसलात तर झाडाचं नुकसान कराल.

सर्वांत महागडा घोटाळा

गाठीच्या अगदी वरून, कधी गाठीतूनच, पावसाळ्यात एक जाडजूड, लालसर, रसरशीत फांदी निघते. काटे मोठे, पानं मोठी, वाढ अशी की आठवड्यात ओळखू येऊ नये. लोक घाबरतात. "ही रानटी दिसते" म्हणून कापतात. ही झाडाची सर्वांत मोलाची फांदी असते. बागवाले तिला वॉटर शूट म्हणतात. जुन्या फांद्या दोन-तीन वर्षांत थकतात, पुढची फुलं या नव्या फांदीवरच येणार असतात. गुलाब म्हातारा न होता वर्षानुवर्षं फुलतो तो हिच्या जोरावर.

तेव्हा फांदी कितीही आडदांड दिसो, आधी ती कुठून निघाली ते बघा. गाठीवरून असेल तर हात जोडा आणि शेजारी काठी रोवून सैल बांधा, कारण ती कोवळी असताना वाऱ्याने बुडातूनच सुटते. तिच्या टोकाला कळ्यांचा भला मोठा गुच्छ येऊ पाहतो. तो बारीक असतानाच शेंडा खुडलात तर ती फांदी जाड होऊन बाजूने फुटते आणि पुढच्या बहराला सरळ दांड्याची फुलं देते.

क्वचित असंही होतं की फांदी गाठीवरूनच निघालेली आहे, तरी नुसती लांबतच जाते आणि फुलत नाही. काही जातींमध्ये एखादी फांदी वेलासारखी वाढण्याचा गुण धरते. पीस नावाच्या जातीसारख्या गुलाबांचे वेलप्रकार असेच मिळालेले आहेत. अशी फांदी कापू नका, आडवी वाकवून कठड्याला बांधा. आडव्या केलेल्या फांदीच्या डोळ्याडोळ्यातून फुलांच्या काड्या निघतात.

खुंटाची फूट काढायची रीत

कात्रीने मातीलगत कापणं ही काढायची रीत नव्हे, ती वाढवायची रीत आहे. कापलेल्या बुडाशी चार डोळे शिल्लक असतात. एकाच्या जागी चार फुटी येतात.

माती उकरत फुटीच्या मुळाशी जा, ती खोडाला जिथे चिकटली आहे तिथपर्यंत. जाड कापडी हातमोजा घाला किंवा गोणपाटाचा तुकडा गुंडाळा. फूट बुडाशी घट्ट धरा आणि खाली, खोडापासून बाहेरच्या दिशेने, झटका देऊन ओरबाडा. टाचेसकट सुटली पाहिजे. खोडाची थोडी साल तिच्याबरोबर आली तर चांगलंच, त्या सालीबरोबर बुडाचे झोपलेले डोळेही निघतात. जखम उघडी दिसेल तिथे बुरशीनाशकाचा लेप लावा, दोन दिवस माती परत ओढू नका, मग ओढा. फूट कोवळी, वीतभर असतानाच सापडली तर अंगठ्याने दाबली तरी निघते. म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात पंधरवड्यातून एकदा बुंध्याकडे नजर टाकायची.

फार जाड झालेली, अंगठ्याएवढी फूट मात्र ओरबाडायला जाऊ नका, अख्खं खोड चिरेल. ती खोडाला अगदी लागून, धारदार चाकूने साल सोलून काढा. आणि अशा दोन-तीन जाड फुटी असतील तर सगळ्या एकाच दिवशी काढू नका. झाडाची बहुतेक पानं त्याच फुटींवर असतात. एक काढा, आठ-दहा दिवस जाऊ द्या, वरच्या जातीने थोडी हालचाल दाखवली की पुढची.

डोंबिवलीच्या एका गच्चीत पाहिलेली कुंडी आठवते. समोरून पाहिलं तर पाच फूट उंच, तीन फांद्यांचं दणकट झाड. माती बाजूला केली तेव्हा तिन्ही फांद्या मातीखालून आलेल्या निघाल्या, आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून एक पेन्सिलीएवढी काळपट काडी होती, तिला चार पिवळी पानं. तीच आणलेली डबल डिलाइट, पांढऱ्या पाकळ्यांना लाल कड असलेली. फुटी टप्प्याटप्प्याने काढल्या, कुंडी फिरवून ती काडी उन्हाकडे केली. ऑक्टोबरअखेर तिच्या गाठीवरून बोटाएवढा जांभळा कोंब आला आणि थंडीत फूलही. नुसती काडी उरली असेल तरी ती हिरवी आहे तोवर आशा आहे. नखाने साल किंचित खरवडून बघा, आत हिरवं दिसलं पाहिजे.

पण वरची जात मुळात दमली का?

फुटी काढून झाल्या आणि हा प्रश्न तसाच राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटी काढायच्या आहेत.

पहिला संशयित म्हणजे पिशवीतला मातीचा गोळा. पुण्याजवळ सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यातल्या नर्सऱ्यांतून किंवा आणखी कुठून रोप आलं तरी बहुतेक वेळा मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. वाहतुकीत रोप टिकावं म्हणून तो बरा असतो. घरी आणल्यावर आपण तो तसाच्या तसा कोकोपीट-गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात ठेवतो. पाणी घातलं की ते भुसभुशीत भागातून सरळ खाली जातं, गोळा आतून कोरडा ठणठणीत. वरची माती ओली दिसते, म्हणून आपण निश्चिंत. एप्रिलमध्ये झाड अचानक माना टाकतं ते यामुळे. पावसाळ्यात याच्या उलट: एकदा भिजलेला गोळा दिवसचे दिवस वाळत नाही आणि मुळं कुजतात.

उपाय सोपा आहे. लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग गोळ्याचा बाहेरचा थर हलक्या हाताने सोडवा. सगळी माती धुऊन मुळं उघडी करू नका, वरचा एक-तृतीयांश थर निघाला तरी मुळांना बाहेर पडायला वाट मिळते. हे काम ऑक्टोबर ते जानेवारीत करा. उन्हाळ्यात आणलेल्या रोपाचा गोळा मोडायचा नाही. भरायच्या मिश्रणात निदान अर्धी तरी खरी माती असू द्या, म्हणजे गोळा आणि बाहेरचा भाग एका चालीने भिजतील आणि वाळतील. आणि पाणी हवंय का हे बघायला बोट कडेला नाही, बुंध्याजवळ गोळ्यातच खुपसायचं.

दुसरा संशयित अगदीच क्षुल्लक दिसतो: डोळ्यावर बांधलेली पट्टी. कित्येक रोपांवर ती तशीच राहते. खोड जाड होत जातं, पट्टी रुतत जाते, वरचा रस तुटत जातो. गाठीशी हिरवी किंवा पांढरी चकचकीत पट्टी दिसली तर ब्लेडने उभी चिरून काढा. रोप विकत घेतानाच हे बघायचं असतं, पण आपलं लक्ष फुलाकडे.

तिसरा म्हणजे शेंडेमर. छाटलेल्या टोकापासून फांदी काळी-तपकिरी पडत खाली येते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आणि पावसाच्या शेवटी हे फार. बुरशी कापलेल्या तोंडातून शिरते आणि उतरत उतरत गाठीपर्यंत पोचली की वरची जात संपली. खुंट मात्र जिवंत, आणि त्याला आता मोकळं रान. फांदी काळी दिसली की काळेपणाच्या दोन बोटं खाली, आतला गाभा पांढरा-हिरवा लागेपर्यंत कापा. गाभा तपकिरी असेल तर आणखी खाली. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. कापलेल्या तोंडांना बोर्डो मलम: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, एकूण पाणी १ लिटर. लोखंडी सुरी त्यात बुडवून बघा, तिच्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला आहे. दोन-चार कुंड्यांसाठी एवढा घाट नको वाटत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड पाण्यात दाटसर कालवून ब्रशने लावा. हळद लावणारेही आहेत. मी हळदीवर विसंबत नाही, निदान पावसाळ्यात तरी.

गाठ कुठे ठेवायची यावरही बरंच बिघडतं. बर्फाच्या देशांतले व्हिडिओ सांगतात की गाठ मातीखाली पुरा. तिथे ते बरोबर आहे, गोठण्यापासून गाठ वाचते. आपल्याकडे पुरलेली गाठ पावसात कुजते आणि फुटी कुठून येतात तेही दिसत नाही. गाठ मातीच्या दोन इंच वर, कोरडी, उघडी हवी. दर वर्षी वरून खत-माती घालत गेलं की ती हळूहळू गाडली जाते, तेवढं ध्यानात ठेवा.

सगळ्या फांद्या खऱ्या आहेत, तरी फूल नाही

मग गोष्ट बहुधा उन्हाची. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर गुलाबाच्या फांद्या टोकाला कळी न धरता नुसत्या पानांवर संपतात. अशी वांझ फांदी जोमदार पाच पानांच्या देठाच्या वर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर कापा. पुढची फूट कळी आणू शकते. पण कुंडी सावलीतच राहणार असेल तर त्या जागी गुलाबाचा हट्ट सोडलेला बरा.

सुकलेली फुलं झाडावर ठेवू नका. देठाखाली फळ धरलं की झाड बी पिकवायच्या मागे लागतं आणि फुलं कमी करतं. नुसतं फूल खुडायचं नाही, दोन पूर्ण पानांसकट काडी कापायची.

कळ्या येतात पण उघडत नाहीत, कडा करपतात, असं मार्च-एप्रिलमध्ये होत असेल तर फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक तपकिरी रेघा पळताना दिसतील. करपलेल्या कळ्या तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. मे महिन्यात पानं धुरकट होऊन गळत असतील तर पानाच्या खालून लाल कोळी बघा आणि पाइपच्या जोरदार फवाऱ्याने खालूनच धुवा. पावसाळ्यातले काळे ठिपके आणि थंडीतली भुरी हे वेगळे विषय. दोन्हींत पडलेली पानं उचलणं आणि संध्याकाळी पानांवर पाणी न मारणं हे निम्मं काम.

फुलांच्या दुकानात दिसतात तसल्या लांब दांड्याच्या डच गुलाबांची रोपं हल्ली कुंडीत मिळतात. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये टॉप सीक्रेट, अव्हालांच अशा ज्या जाती घेतात त्या त्या छताखालच्या हवेसाठी, मोजून मापून दिलेल्या खतपाण्यासाठी निवडलेल्या आहेत. उघड्या गच्चीत त्या कुढतात, आणि कुढल्या की खालून खुंट येतोच. पहिलाच गुलाब असेल तर ग्लॅडिएटर, क्वीन एलिझाबेथ, आइसबर्ग अशा जुन्या, काटक जातींतून निवडा. नर्सरीवाला नाव सांगेलच असं नाही, "लाल", "पिवळा" एवढंच सांगतो. म्हणून पहिलं फूल उमलेल तेव्हा फुलाचा, पानाचा, काट्यांचा आणि कोवळ्या कोंबाचा असे चार फोटो काढून ठेवा. पुढे शंका आली तर तुलनेला तेच कामी येतात.

छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर. तिथून ४५ ते ५० दिवसांत पहिला बहर येतो. तोवर धीर धरा आणि नत्राचा मारा करू नका.

गाठीवरचं सगळं मेलं असेल तर

नख लावून बघितलं, गाठीपर्यंत तपकिरी. खाली खुंट मस्त वाढतोय. बहुतेक जण इथे झाड उपटतात. मला ते पटत नाही, कारण तुमच्याकडे आता जुन्या मुळांचा, तुमच्या हवेत रुळलेला फुकटचा खुंट आहे. त्यावर डोळा भरा. थंडीचे दिवस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, याला चांगले.

खुंटाच्या बाकी फुटी काढून पेन्सिलीएवढी जाड, सरळ एक फांदी ठेवा. दोन दिवस आधी भरपूर पाणी द्या, साल सहज सुटली पाहिजे. सुटत नसेल तर तो दिवस सोडून द्या. ओळखीच्या कुणाकडे आवडता गुलाब असेल तर नुकतंच फूल उतरलेली काडी मागून आणा. तिचा काटा बाजूने दाबल्यावर टचकन तुटला तर काडी तयार आहे, नुसता वाकला किंवा साल ओढत आला तर अजून कोवळी आहे. पानं कापून टाका, देठ तेवढे ठेवा, तेच धरायला मूठ. मधले फुगीर डोळे घ्यायचे, टोकाचे आणि बुडाचे नाही.

खुंटावर मातीपासून चार-पाच बोटांवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्या, फक्त सालीपुरती. काडीवरचा डोळा इंचभर सालीसकट पातळ कापून घ्या आणि त्या चिरेत वरून खाली सरकवा. वर उरलेली साल चिरेच्या बरोबरीने छाटा. प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा, डोळा तेवढा उघडा. हात थरथरला, चीर वाकडी गेली, तरी चालतं. डोळ्याची आतली बाजू वाळू द्यायची नाही, हे मात्र चालवून घेता येत नाही. कापल्यापासून बांधेपर्यंत मिनिटभराच्या वर लावू नका.

दोन आठवड्यांनी देठाला बोट लावा. हलक्या स्पर्शाने गळून पडला आणि डोळा हिरवा असला तर लागला. देठ सुकून चिकटलेला राहिला तर गेला, त्याच फांदीवर पाठच्या बाजूला दुसरा भरा. लागलेला डोळा चार बोटं वाढला की त्याच्या वरचा खुंट दोन टप्प्यांत कापा, आधी निम्मा, मग डोळ्याच्या अर्धा इंच वर. पट्टी काढायची, हे सांगायला नकोच.